दारात ठेवलेलं अर्पण

उपासना संपायच्या आत आमच्या चर्चच्या मंडळीतून दर रविवारी नऊ ते चौदा माणसं सटकतात. दाराशी हजेरी लिहायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे आकडे तोंडपाठ. कुणी गॅसवर काहीतरी ठेवून आलेलं असतं. कुणाला शेवटच्या गीताआधी खोकल्याची ढास लागते आणि ती घरी पोचल्यावरच थांबते. हा आकडा शून्यावर आला तो एकाच रविवारी, आणि ते पुण्य थोरल्या मिस्त्रींचं.

थोरले मिस्त्री सुतार. पाच महिने खपून त्यांनी मंडळीसाठी, पाळकांनी मागे उभं राहून उपदेश करायचं नवं लाकडी व्यासपीठ केलं होतं. जुनं इतकं डुगडुगायचं, की पाळकसाहेबांना जोर चढला की पहिल्या बाकावरचे लोक पाय आत घ्यायचे. नवं असं दणकट, की उचलायला चौघे लागले. शास्त्रपाठ झाला की ते आत न्यायचं, पाळकांनी प्रार्थना करून ते देवाला वाहायचं आणि मिस्त्रींनी बाजूला उभं राहायचं, असं ठरलं होतं. बाजूला उभं राहण्यासाठी मिस्त्रींनी नवा शर्ट शिवला होता.

चौघांनी घाई केली. आत शाळेच्या बाई पाठ वाचत असतानाच त्यांनी व्यासपीठ उचललं आणि ते बरोबर दारात आलं. छातीइतकं उंच, दोन्ही बाजूंना बोटभर फट. बाई खणखणीत वाचत होत्या. प्रभूची आज्ञा होती: अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही सलतंय हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

"ठेवा," मिस्त्री म्हणाले.

"कुठे?"

"इथंच."

"अहो, दारात?"

"तिथंच ठेव म्हटलंय. आत सरकवून ठेव म्हटलेलं नाही."

चौघांनी ठेवलं. मिस्त्री वळले आणि चालू लागले. आतून पाळकसाहेबांनी मान उंच करून मला खूण केली, बघ कुठे चाललाय. मागच्या दाराला बाहेरून जुनं व्यासपीठ टेकवलेलं होतं. पुढच्या दारातल्या नव्याचं पॉलिश कालचंच, त्यावर रविवारच्या कपड्यांत चढणार कोण? एकशे बारा माणसं आत अडकली. मिस्त्रींच्या बायकोचा आवाज तेवढा बाहेर आला, "सहा वर्षं मी हेच सांगत होते. माझं ऐकायला दार अडवावं लागत असेल तर आधीच अडवलं असतं."

सहा वर्षांपूर्वी थोरल्या मिस्त्रींची आणि त्यांच्या धाकट्या भावाची आई गेली. दोघंही सुतार, दोघांनीही रात्रभरात शवपेटी केली, एकमेकांना न विचारता. सकाळी अंगणात दोन पेट्या. आई एक. सगळी मंडळी जमलेली. थोरल्यांनी धाकट्याच्या पेटीवर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "झाकण हलतंय. आईला अशात पाठवू?" आई थोरल्यांच्या पेटीतून गेली. धाकटा आपली पेटी डोक्यावर घेऊन घरी गेला आणि त्यानंतर मंडळीत आला नाही. "देवाशी माझं काही वाकडं नाही," असं तो म्हणायचा. "त्याच्या पहिल्या बाकावर बसणाऱ्याशी आहे."

मी मिस्त्रींना गाठलं तेव्हा त्यांची चाल मंदावली होती. धाकट्याच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबलेच.

"मी म्हणतो, व्यासपीठ आत नेऊ, प्रार्थना करू आणि संध्याकाळी इकडे येऊ. समेट काय, संध्याकाळीही होतो."

"होतो की," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना बहकवलं. "पण 'आधी' म्हटलंय ना," ते पुटपुटले आणि पुढे निघाले.

धाकटा दुकानात खिडकीच्या चौकटीवर रंधा मारत होता. भाऊ दारात आला तरी त्याने हात थांबवला नाही. कोपऱ्यात ती पेटी उभी केलेली. आत फळ्या ठोकून त्यानं तिचं कपाट केलं होतं. खिळ्यांचे डबे, सरस, पॉलिशच्या बाटल्या. झाकणाला बिजागऱ्या लावून दार.

थोरले सरळ तिच्याकडे गेले. दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, लावलं. कडांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा खोट काढणार.

"तपासून झालं का, दादा?" धाकटा म्हणाला. "की फूटपट्टी देऊ?"

"हलत नाही."

"सहा वर्षांत हललेलं नाही."

"त्या दिवशीही हलत नव्हतं," थोरले म्हणाले. रंधा थांबला. "हात ठेवला तेव्हाच कळलं होतं मला. माझ्यापेक्षा तुझा सांधा सरस होता. पण आई माझ्या पेटीतून जावी असं वाटलं. म्हणून खोटं बोललो."

आतल्या खोलीतून धाकट्याची बायको बाहेर आली आणि हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. लाकडाचा भुसा तेवढा खाली बसत होता.

"ऐकलं मी," धाकटा शेवटी म्हणाला. "पण मी एकट्यानं ऐकून काय होणार? तू मला चारचौघांत नव्हे, अख्ख्या मंडळीसमोर कच्चा ठरवलंस. सहा वर्षं लोक मला स्टूल दुरुस्तीला देतात, दरवाजे तुझ्याकडे. तेवढे साक्षीदार आता कुठून आणणार?"

"आहेत," थोरले म्हणाले. "दारात व्यासपीठ अडकवून आलोय. एकालाही हलता येत नाही."

धाकट्याच्या बायकोला हसू फुटलं. "भावोजी, तुम्ही लोकांना कोंडून आलात?"

"मी नाही कोंडलं. आज्ञेनं कोंडलं."

आम्ही परतलो तेव्हा आत गलका होता. थोरले व्यासपीठाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिले, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि गलका ओसरला. या माणसानं आजवर दोष दिला तो लाकडाला, खुर्ची लचकली की म्हणायचे, "लाकूड वाईट निघालं." आता त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

"आईच्या अंत्यविधीला जे होते त्यांनी ऐका. माझ्या भावाच्या पेटीचं झाकण हलत नव्हतं. मी खोटं बोललो. त्याचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं, आजही आहे. मी चुकलो. आईपुढे, देवापुढे, तुमच्यापुढे, आणि सगळ्यात जास्त याच्यापुढे."

सगळ्यांचे डोळे धाकट्याकडे. त्यानं भावाकडे पाहिलंच नाही. तो खाली वाकला, व्यासपीठाखाली हात घालून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "दादा, याला चार माणसं लावलीस? दोघांचं काम आहे. तू डावीकडून धर. कंबर वाकवू नकोस, गुडघे वाकव. वय झालंय तुझं."

"तुझंही होईल," थोरले म्हणाले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळे नव्हते.

दोघांनी उचललं. पाऊल पुढे पडताच मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं स्तुतीचं गीत धरलं. कुणी सांगितलं नव्हतं, वाजवणाऱ्यानं सूर दिला नव्हता. दुसरी ओळ येईस्तोवर सगळी मंडळी उभी राहून गात होती. त्या गीताला सात कडवी. आम्ही एरवी चार म्हणतो आणि उरलेली देवाला समजली असतील असं धरून चालतो. त्या दिवशी सातही म्हटली. भाऊ पावलं जुळवत मधल्या वाटेनं चालले होते. शाळेच्या बाई गाता गाता रडत होत्या, पाळकसाहेब टाळ्या वाजवत होते आणि भिंतींवरचा पोपडा निघेल इतका आवाज झाला होता.

व्यासपीठ जागेवर बसलं. दार आता सताड उघडं, बाहेर ऊन, गॅसवर कुणाकुणाचं काय काय जळत असणार. एकही माणूस हलला नाही. पाळकांनी प्रार्थनेसाठी हात वर केले आणि म्हणाले, "अर्पण कुणाचं म्हणून सांगू?"

थोरल्यांनी भावाकडे पाहिलं. "आमचं," धाकटा म्हणाला.