खुंटीवरचा निळा स्वेटर

ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. थंडी अशी की नळाखाली हात धरवत नव्हता. घटसर्पाच्या वॉर्डात जाताना नर्सने बाहेरच्या खोलीत घड्याळ, अंगठी, स्वेटर काढून ठेवायचे, बाह्या कोपराच्या वर दुमडायच्या आणि वॉर्डातलाच गाऊन चढवायचा, असा मेट्रनबाईंचा दंडक. धाकट्या सिस्टरने आठ वर्षांत तो मोडला नव्हता. त्या आठवड्यात मोडला. गाऊनच्या आत स्वेटर तसाच ठेवला.

"सिस्टर, गाऊनखालून निळं आभाळ डोकावतंय," वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या.

"मेट्रनबाईंना सांगू नका हं."

"मी कशाला सांगू? माझं तोंड आणि ही बादली, दोन्ही झाकलेली असतात."

पाचव्या दिवशी ऊन पडलं म्हणून स्वेटर घरीच राहिला. दुपारी ती परतली, तर तीन वर्षांची बबडी तो तोंडाशी कवटाळून झोपलेली.

"रोजचंच आहे तिचं," नवरा कौतुकाने म्हणाला. "तू स्वयंपाकाला लागलीस की हाच घेऊन लोळते. आईचा वास येतो म्हणे."

तिने स्वेटर हिसकावून घेतला. बबडी दचकून रडू लागली. आवाज घोगरा होता.

"कधीपासून बसलाय आवाज?"

"सकाळपासून. अगं, थंडी आहे."

लस टोचायची तिनेच पुढच्या महिन्यावर ढकलली होती. चमच्याने जीभ दाबून तिने घसा पाहिला. लाल होता. आत घटसर्पाचा पांढरा पापुद्रा होता का, ते नीट दिसेना. त्याच सकाळी सात नंबरच्या खाटेवरचं लेकरू गेलं होतं; तिथली चादर तिनेच उचलली होती.

स्वेटर कागदात बांधून, बबडीला कडेवर घेऊन ती तडक मेट्रनबाईंसमोर उभी राहिली.

"वॉर्डात किती दिवस घातलास?"

"चार. नोकरी गेली तरी चालेल, बाई. आधी हिला बघा."

"नोकरीचं नंतर बघू. खाली बस, पडशील."

डॉक्टरांनी घशातला नमुना घेतला. दोन दिवस ती बबडीचा प्रत्येक घोट मोजत राहिली. तिसऱ्या दिवशी मेट्रनबाई स्वतः आल्या. "साधा घसा आहे. पाच मिनिटं रडून घे. मग बाह्या दुमड."

मावशींनी स्वेटर खळखळ उकळला. तो आटून थेट बबडीच्या मापाचा झाला. मेट्रनबाईंनी तो बाहेरच्या खोलीत पहिल्या खुंटीला लावला. कुणाचा, ते सांगितलं नाही.

मेट्रनबाई निवृत्त होऊन बहिणीकडे गेल्या, तिथेच वारल्या. मावशींचे गुडघे गेले. पण तोंड शेवटपर्यंत झाकलेलंच राहिलं. नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बबडी शाळेत गाणं शिकवते.

सिस्टरने पुढे सव्वीस वर्षं नोकरी केली. नव्याने आलेल्या पोरी खुंटीवरचा तो इवलासा स्वेटर पाहून गप्प होत. तो घालणारं लेकरू गेलं, असंच त्या धरून चालत आणि मुकाट्याने आपले स्वेटर काढत. सिस्टरने त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. मात्र कुणी नवी पोर तिथे थबकली, की त्या दिवशी घरी पोचल्यावर ती आधी मुलीला हाक मारायची आणि ओ येईपर्यंत दारातच उभी राहायची.