प्रतिक्रिया मिळू शकली नाही

करंजखिंडीच्या मारुतीच्या देवळासमोर मांडव घातला होता आणि मांडवाच्या पुढच्या खांबाला शौनक गद्रेची पोस्ट टांगली होती. कुणीतरी तळेगावातून तिचा फ्लेक्स करून आणला होता. वर त्याच्या ब्लॉगचं नाव, 'मावळ फलक'. त्याखाली मथळा, 'सही बाईंची, शब्द भाऊंचा'. मधोमध फोटो: ग्रामपंचायतीत सरपंचाच्या खुर्चीत रेलून बसलेले राजेंद्रभाऊ कोयते आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीवरच्या पाटीवर, सरपंच म्हणून त्यांच्या बायकोचं नाव.

मोटरसायकल लावताना ते पाहून शौनकला बरंच वाटलं. पुण्याच्या दैनिकात त्यानं वर्षानुवर्षं तालुक्याच्या बातम्या दिल्या होत्या आणि त्या जाहिराती बसवून उरलेल्या जागेत छापून आल्या होत्या. नोकरी सोडून तुंगार्लीच्या घरातून ब्लॉग सुरू केला, तेव्हा त्यानं स्वतःला एकच नियम घालून घेतला. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याला आधी विचारायचं. या नियमाचा त्याला अभिमान होता आणि लोणावळ्यात मित्र जमले की तो ते बोलूनही दाखवायचा.

आज गावात सरपंच अनिता कोयते यांच्यावरच्या अविश्वास ठरावाचं मतदान होतं. पंचायतीच्या सदस्यांनी ठराव आधीच मंजूर केला होता, पण सरपंच थेट लोकांनी निवडून दिलेली असल्यामुळे शेवटचा निर्णय गावाचा होता. तालुक्याहून अधिकारी आले होते. त्यांच्या टेबलावर पत्र्याची मतपेटी होती. नवलाख उंबऱ्याकडच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांनी आज सुट्टी टाकली होती.

उपसरपंच अमृतनं शौनकला हाताला धरून पुढं नेलं.

"हितं बसा सर, पयल्या रांगेत. तुमच्यामुळंच तर हा दिवस आला."

"माझ्यामुळं कसा? मी फक्त लिहिलं."

"लिवलं म्हणूनच की! आमी किती दिस बोंबलतोय, कोन ऐकतंय? तुमचं लिवलेलं मातर गावच्या समद्या ग्रुपवर फिरलं. माझ्या सासुरवाडीला बी गेलं."

फोटो अमृतनंच पाठवला होता. फोटो खरा आहे का, हे शौनकनं कसून तपासलं होतं. तो आत्ताच का पाठवला, हे विचारलं नव्हतं.

सभा सुरू झाली आणि अमृतनं पोस्टच वाचायला घेतली. शौनकला आपली वाक्यं माईकवरून ऐकताना आधी गंमत वाटली. 'गावानं महिलेला निवडून दिलं, कारभार मात्र नवऱ्याच्या हाती गेला.' माना डोलल्या. शेवटी अमृत थांबला, घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाला, "'याबाबत सरपंच अनिता कोयते यांची प्रतिक्रिया मिळू शकली नाही.' मिळंल कशी? बाई बोलत्यातच कुटं!"

मांडव हसला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "सरपंचांना काही बोलायचंय का?"

राजेंद्रभाऊ उठले. "साहेब, मी सांगतो, त्याचं असं झालं—"

आता तर लोक लोळायचेच बाकी राहिले. भाऊंच्याही लक्षात आलं. उपरण्यानं तोंड पुसत ते खाली बसले. अधिकारी हसू दाबून म्हणाले, "तुम्हाला नाही, त्यांना विचारलंय."

बायकांच्या घोळक्यातून अनिता उभी राहिली. शौनकनं तिला नीट पाहिलं ते तेव्हाच. कोयत्यांच्या घरी तो जाऊन आला होता, पण चेहरा आठवत नव्हता. बांगड्या आणि स्टीलचा ट्रे तेवढा आठवत होता.

"लिवलंय ते बरंचसं खरं हाय," ती म्हणाली. माईक तिनं जरा लांबच धरला होता. "हे बसत्यात माझ्या खुर्चीत. घरी बी बसत्यात, तितं फोटू काढाया कोन येत न्हाई."

बायका खिदळल्या.

"पर शेवटचं खोटं हाय. हे सर आमच्या घरी आलते. ओसरीवर बसलेवते. मी तितंच व्हते. दोनदा चहा दिला. ह्यांच्याशी लय वेळ बोलले. माझ्याशी एकच बोलले. 'साखर कमी, वहिनी.'"

म्हातारी सरूबाई मागून ओरडली, "मग घातलीस का गं कमी?"

"कमीच घातलीवती, मावशी."

हशा उठला आणि बराच वेळ विरला नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या शौनकच्या पाठीवर तो येऊन आदळत होता. मान वळवायची सोय नव्हती. समोर पाहावं तर खांबावर त्याचंच नाव होतं.

"इचारलं असतं तर सांगितलं असतं," अनिता म्हणाली. आता तिचा आवाज हसण्यातला नव्हता. "गावाचं गायरान गोडाऊनवाल्याच्या रस्त्याला द्यायचा ठराव अमृतभाऊंनी आणला. हे घरी म्हनले, कर सही. मी न्हाई केली. त्यावरनं घरात आठवडाभर कोन कोनाशी बोललं न्हाई. ती सही न्हाई, म्हणून आज हा मांडव हाय."

अमृत उठला. "वहिनी, हे आत्ता सांगताय व्हय?"

"आत्ताच इचारलं कुनीतरी," ती अधिकाऱ्यांकडे पाहत म्हणाली आणि खाली बसली.

मतदानाची रांग लागली. शौनक देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. कोयत्यांच्या ओसरीवरची ती दुपार आता त्याला सगळी आठवत होती आणि तेच वाईट होतं. दुसरा चहा ठेवताना ती थांबली होती. "ते रस्त्याचं काय झालं, त्ये—" असं काहीतरी म्हणाली होती. भाऊंनी तिला गप्प केलं नव्हतं. भाऊ बिस्किट खात होते. गप्प त्यानं केलं होतं. हाताचा पंजा वर करून म्हणाला होता, "एक मिनिट हं वहिनी, भाऊंचं पूर्ण होऊ दे."

संध्याकाळी पोस्ट संपवताना नियम आठवला, तेव्हा त्यानं पंचायतीच्या फलकावरचा सरपंचांचा नंबर लावला होता. उचलला भाऊंनी. "ती रानात गेलीय," म्हणाले. मग नोकरीत असंख्य वेळा लिहिलेलं ते वाक्य त्याच्या बोटांनी आपोआप लिहून टाकलं. नियम पाळल्याचं समाधान घेऊन तो जेवायला बसला होता.

आणि मथळा? तिच्या कारकिर्दीत ज्या एका सहीला किंमत होती, ती तिनं केलेली नव्हती. बातमी त्याच्यापुढं ट्रे घेऊन उभी होती आणि त्यानं तिच्याकडून चहा घेतला होता.

अनिता हरली. फार मतांनी नाही. निकाल ऐकताच अमृतच्या माणसांनी हलगी सुरू केली, गुलाल उधळला, आणि शौनक मोटरसायकलपर्यंत पोचायच्या आत अमृतनं त्याला गाठून कपाळभर गुलाल फासला. "सर, खरे मानकरी तुमी!"

देवळाच्या पायरीपाशी अनिता चपला शोधत होती. शौनक तसाच तिच्यापुढं गेला.

"माझी चूक झाली. मी आजच दुरुस्ती टाकतो."

तिनं त्याच्या कपाळाकडं पाहिलं. "टाका की," ती म्हणाली. "गायरानावर बी तीच टाका, वाचतील गुरं." सरूबाईनं तिचा दंड धरला आणि दोघी निघून गेल्या.

जुन्या हायवेवर कामशेतच्या पंपावर पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसानं विचारलं, "कोन आलं निवडून, साहेब?" शौनकनं रुमालानं कपाळ पुसलं. गुलाल कानापर्यंत पसरला.

घरी येऊन तो अंघोळीलाही गेला नाही. ऊन खिडकीत होतं तेवढ्यात दुरुस्ती लिहून झाली. 'सरपंचांची प्रतिक्रिया मिळू शकली नाही, हे खोटं होतं. ती मी घेतली नाही. बोलू लागल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं.' त्याखाली गायरानाचं सगळं. ते वाचून त्याला जरा मोकळं वाटलं आणि लगेच त्या मोकळं वाटण्याचीच लाज वाटली. हे टाकण्याआधी तिला वाचून दाखवायला हवं. निदान या वेळी.

त्यानं फोन उघडला. 'सरपंच करंजखिंड' या नावापुढं एकच नंबर होता. तिचा नंबर त्याच्याकडं नव्हता. तिला वेगळा फोन असेल, हेही त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

त्यानं तोच नंबर लावला.

"बोला सर," राजेंद्रभाऊ म्हणाले. आवाज पडलेला होता, पण सवयीचा होता.

"भाऊ, अनिताताईंशी बोलायचं होतं."

"ती भांडी घासतीय. मला सांगा की, मी सांगतो तिला."

"नाही भाऊ. त्यांनाच द्या."

पलीकडं पाण्याचा आवाज होता. मग लांबून तिचा आवाज, "कोन हाय?"

"ते लोनावळ्याचे सर. कायतरी इचारायचंय म्हनत्यात तुला."

भांड्यांचा आवाज थांबला. शौनकनं फोन कानाशी घट्ट धरला.

"त्यांना म्हनावं," ती म्हणाली, "मिळू शकली न्हाई असं लिवा."

भांडी पुन्हा वाजायला लागली.

"ऐकलं ना सर?" भाऊंनी ओशाळून विचारलं.

"ऐकलं," शौनक म्हणाला. फोन खाली घेतला, तर काचेवर कानाच्या आकाराचा गुलाल उमटला होता.