सोमारीच्या काखेतला लांबट चेंडू

मित्रांनो, मी एक जुना चेंडू आहे, पण गोल नाही. दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे फुगीर असा माझा घाट. एटापल्लीच्या पलीकडच्या आश्रमशाळेत मी पहिल्यांदा आलो, तेव्हा तिथे स्वयंपाक करणाऱ्या बायनाबाईंनी मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं होतं. "सर, हे कोन्या झाडाचं फळ आनलं जी?" सगळ्या पोरी खो खो हसल्या. तेव्हा मला भारी राग आला होता. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. एका कारागिराने मला आधी उलटं शिवलं, मग सुलटं केलं, पोटात रबराची पिशवी घातली आणि वरून नाडी आवळली. त्याचा चेहरा मला आठवत नाही. पण त्याचे टाके अजून उसवले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पुढे नागपूरच्या एका दुकानात मी कितीतरी दिवस धूळ खात पडलो. गिऱ्हाईक यायचं, मला दाबून पाहायचं आणि गोल चेंडू घेऊन जायचं. शेवटी एक दिवस अश्वजित सर आले. सर मूळचे वडशाचे. कॉलेजात ते अमेरिकन फुटबॉल शिकले होते आणि आता आश्रमशाळेत खेळ शिकवत होते. त्यांनी मला पाहिलं आणि जुना मित्र भेटावा तसे हसले.

हा खेळ तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मला काखेत घट्ट धरायचं आणि समोरच्या रेषेपलीकडे पळत जायचं. पण वाटेत दुसऱ्या संघाच्या मुली उभ्या असतात. म्हणून आपल्याही काही मुली पुढे ओळ धरतात, वाकून खांदा लावतात, समोरच्यांना रेटतात आणि मधे फट पाडतात. त्या फटीतून पळणारी निघते. टाळ्या तिला मिळतात. ओळीतल्या मुलींना मिळते ती वाळू, तीही तोंडात.

आमची पळणारी होती सोमारी. ओळीच्या मधोमध असायची सुकरी. दोघी एकाच गावच्या. सुकरी वाकून मला जमिनीवरून उचलायची आणि पायांमधून मागे सोमारीकडे द्यायची. मग मी सोमारीच्या काखेत. तिचं काळीज माझ्या कातड्याला लागून धडधडायचं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पहिल्याच दिवशी मात्र गंमत झाली. सोमारी वाऱ्यासारखी सुटली, सगळ्यांना मागे टाकलं आणि रेषेच्या अलीकडे येऊन चक्क थांबली! मागून दुसऱ्या संघाच्या दोघीतिघींनी येऊन तिला आडवं केलं.

"काऊन थांबली बाई तू?" सरांनी कपाळाला हात लावला.

"मागच्या पोरी यायच्या होत्या ना, सर. त्यायले सोडून कशी जाऊ?"

मित्रांनो, तिचं काय चुकलं? त्यांच्या गावात जंगलातून जाताना पुढचा माणूस वळणावर थांबतो. मागचे दिसले की मगच पाऊल टाकतो. जंगलात एकट्याने पुढे निघून जाणं त्यांच्यात वाईट समजतात. सर रागावले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "थांबाचंच हाय त रेषेपाशी नोको थांबू. सुकरीच्या मागं थांब. तिनं वाट केली का मंग निघ."

तेव्हापासून सोमारीचा खेळच बदलला. ती मला घ्यायची आणि क्षणभर सुकरीच्या पाठीशी दबा धरून राहायची. फट दिसली की निसटायची. आजूबाजूच्या शाळांच्या पोरी तिला धरूच शकत नव्हत्या.

बायनाबाई म्हणायच्या, "पोरीच्या पायातच हाय ते, सर. हरनाले का कोनी वाट करून देते?"

"वाट नाई भेटली त हरीनबी जाळ्यात सापडते, बायनाबाई," सर म्हणायचे.

दोघांचा हा वाद रोजचाच. वाद घालता घालता भात करपला तरी दोघांना पत्ता नसायचा. मी मनातून बायनाबाईंच्या बाजूचा.

मग कळलं की नागपूरच्या रश्मी मॅडम त्यांच्या संघासाठी मुलगी निवडायला वडशाला येणार आहेत. संघात एकच जागा उरली होती. सोमारीला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. ती मला उशाशी घेऊन झोपायची आणि झोपेत तेच बडबडायची, म्हणून मला ठाऊक आहे. सुकरी आणि बाकीच्या पोरी तिला पाहायला म्हणून टेम्पोत बसून आल्या.

मैदानावर सोमारीला अनोळखी मुलींच्या ओळीमागे उभं केलं. तिने मला घेतलं आणि सवयीप्रमाणे थांबली. फट पडलीच नाही. दाणकन आपटली. पुन्हा थांबली, पुन्हा आपटली. तालुक्याच्या शाळेची दिव्यानी नावाची मुलगी न थांबता सरळ घुसली आणि निदान चार पावलं तरी पुढे गेली. सोमारीचं काळीज माझ्या अंगाला लागून असं धडधडत होतं की मलाच रडू येईल असं वाटलं.

सर मॅडमजवळ गेले. "मॅडम, एक डाव आमच्या सुकरीले ओळीत घेता का?"

मॅडमनी मान डोलावली. सुकरी आली, वाकली, मला मागे दिलं आणि समोरच्या दांडग्या पोरीला खांदा लावून असं रेटलं की जणू बैलाने बांध फोडावा. फट पडली. सोमारी निघाली ती थेट रेषेपलीकडे! आमच्या पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं.

मॅडमनी लगेच दिव्यानीला सुकरीच्या मागे पाठवलं. दिव्यानीही पुष्कळ पुढे गेली, पण रेषेच्या आधी सापडली. तेव्हा मला उमगलं, मित्रांनो. वाट सुकरीची होती. पण वाट संपल्यावरचं पळणं सोमारीचंच होतं. सरही खरे होते आणि बायनाबाईही.

मॅडम दोघींसमोर येऊन उभ्या राहिल्या. "सोमारी, तू फार छान पळतेस. पण पळणाऱ्या मुली माझ्याकडे आहेत. अशी वाट करणारी एकही नाही. या वर्षी ही जागा मी सुकरीला देते."

सुकरीने मान जोरजोरात हलवली. "सोमारी नाई त मीबी नाई जात."

दिव्यानीकडून मी पुन्हा सोमारीच्या काखेत आलो होतो. तिने मला इतकं आवळलं की माझी हवा जाते की काय असं वाटलं. मग पकड हळूहळू सैल झाली. तिने मला सुकरीच्या हातात दिलं आणि तिचे खांदे धरले.

"जा वं. आजलोग मुंडी खाली घालून राह्यली माह्यासाठी. आता लोकायले तुह्यं तोंड दिसू दे."

सुकरी मला पोटाशी धरून रडली. सोमारीही रडली. सर चष्मा पुसत बसले.

आज सुकरी नागपूरला खेळते. माझं कातडं सोलवटलं आहे आणि नाडीच्या जागी सुतळी आली आहे, पण पोरी मला उन्हात टाकत नाहीत, ओला झालो तर पुसून ठेवतात. आणखी काय हवं? आता रंजीता नावाची चिमुरडी पोर पळते. पहिल्या दिवशी ती भेदरून उभी होती. ओळीच्या मधोमध कोणीतरी वाकलं आणि मला वाळूवर दाबून धरलं. तो हात माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

"भिऊ नोको," सोमारी मान न वळवता म्हणाली. "माह्या मागं राह्य. मी वाट करतो."

मित्रांनो, पळणाऱ्याचं कौतुक जरूर करा, पोटभर करा. ते त्याच्या हक्काचं आहे. पण टाळ्या वाजवून झाल्या की मागे वळून पाहा, वाट करताना कोण खाली पडलंय ते. आणि जाऊन त्याला हात द्या.