एकाला पाच तांबे

मी एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. काठाला पोचा आला आहे, एक कडी तुटली आहे, हे सगळं कबूल. पण मित्रांनो, माझ्यात ऊन पाणी गार होतं, हा आळ मला कबूल नाही. कालही नव्हता, आजही नाही.

तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. सोनपेठच्या बाजारातून लिंबाजींच्या बैलगाडीत बसून मी या घरी आलो. लिंबाजींच्या बायकोला, चतुराबाईला, लेकरं न्हाऊ घालण्याची हातोटी होती. तिचा हिशेब ठरलेला होता, एकाला पाच. चुलीवरच्या उकळत्या पाण्याचा एक तांब्या, त्यावर विसणाचे, म्हणजे गार पाण्याचे, पाच. या हिशेबानं घरची आणि भावकीतली मिळून बारा लेकरं न्हाली. कोणाला चटका बसला नाही, कोणी काकडलं नाही. गावातल्या बाया हिशेब विचारायला येत आणि जाताना माझंही कौतुक करत. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

रझाकारी संपल्यानंतरचा दुसरा पौष होता. सून दैवशाला बाळंत झाली. तिला आई नव्हती. वडील बन्सीधर पूर्ण्याला रेल्वेत, इंजिनात पाणी भरायच्या कामावर. म्हणून बाळंतपण सासरीच झालं. बाळ सातव्या महिन्यातच जन्मलेलं, ओंजळीत मावेल एवढं. सुईण बजावून गेली होती, "याची ऊब मोडू देऊ नका."

रोज सकाळी विसणासाठी विहिरीचं ताजं पाणी यायचं. पौषात पहाटे विहिरीतून वाफ निघते, ते पाणी कोमट असतं. चौथ्या दिवशी मात्र चतुराबाईनं थंडीत विहिरीवर जायला नको म्हणून आदल्या संध्याकाळीच अंगणातला रांजण भरून ठेवला होता. ते पाणी रात्रभर उघड्यावर गारठलं. सकाळी तिनं उकळत्या पाण्याचा एक तांब्या माझ्यात ओतला आणि रांजणातले पाच मोजून घातले. माझ्या पत्र्याला तेव्हाच कळलं, काहीतरी चुकलं. पण माझं ऐकतो कोण!

पाटावर पाय पसरून तिनं बाळाला नडग्यांवर घेतलं आणि पहिला तांब्या ओतला. बाळ रडलं नाही. त्याचे ओठ निळे पडले.

"आत्याबाई, पाणी गार हाय," बाजेवरून दैवशाला म्हणाली.

"एकाला पाचच घातलेत. मोजून."

"ते हिरीच्या पाण्याला. हे रांजणाचं हाय."

"बारा लेकरं न्हाऊ घातलीत म्या. तू मला शिकवायलीस?" चतुराबाईनं पाण्यात हात फिरवला. "आन् गार असलं तर ह्या घंगाळामुळं. जाडजूड मेलं, ऊन पाणी पिऊन टाकायलंय."

हाच तो आळ.

बाळंतिणीनं दहा दिवस चुलीला, पाण्याला शिवायचं नाही, अशी या घराची रीत. दैवशाला उठली. बाळाला कोरड्या लुगड्यात गुंडाळून तिनं सासूच्या छातीशी दिलं आणि माझ्यात कोपर बुडवलं. "बाबा सांगायचे, तांबे मोजायच्या आधी गार किती गार हाय ते बगावं." तिनं चुलीवरच्या हंड्यात थेट तांब्या घातला. एक पुरा तांब्या ओतला, ढवळलं, कोपर बुडवलं, मग अर्धा ओतला.

"आज एकाला पाच न्हाई, आत्याबाई. अडीचाला पाच."

ते पाणी अंगावर पडलं तसं बाळाच्या ओठांवर रंग आला. मग ते असं रडलं की लिंबाजी गोठ्यातून धावत आले. बाळंतीण पाण्याला शिवली हे कळल्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं. रांजण रिकामा झाला, चूल सारवली गेली. आणि बायकोचं ऐकून त्यांनी मला गोठ्यात टाकलं. बाळ वाचलं माझ्याच पोटातल्या पाण्यानं, आणि वनवास मला!

तिसऱ्या दिवशी चतुराबाई स्वतः गोठ्यात आली. मला उचलून दैवशालाच्या बाजेपाशी ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "घंगाळाचं काई चुकलं न्हाई गं. माझ्याच हाताला ऊन-गार कळत न्हाई. दोन सालं झाली. चुलीनं खाल्ले हात. म्हणून नुसते तांबे मोजत व्हते."

दैवशालानं तिचे हात धरून ठेवले. "मोजा तुमी, आत्याबाई. कोपर माझं."

त्यानंतर या घरात प्रत्येक लेकरू तसंच न्हालं. सासूच्या हातांची गोष्ट दैवशालानं बाहेर कोणाला सांगितली नाही, म्हणून लोकांच्या तोंडी आळ माझ्यावरच राहिला. चतुराबाई गेली, तेव्हाही तिच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी दैवशालानं माझ्यातच, कोपर बुडवून विसणलं.

आता घरात पत्र्याची बादली आली आहे आणि माझ्यात बैलांची सरकी भिजते. मोडीत घालायचं तर खुशाल घाला, मी गयावया करणार नाही. पण आधी चिंचेनं घासून एकदा माझा रंग बघा, आणि तो आळ मागे घ्या. हिशेब पाठ असावा मित्रांनो, पण पाणी रोज तेच नसतं. आणि घरात जी बाई हट्टानं तांबे मोजत बसते, तिच्यावर चिडण्याआधी तिचे हात हातात घेऊन बघा.