मुका ऋतू

मित्रांनो, मी एक जुनं झाकण आहे. हसू नका. राजाच्या तलवारीच्या अन् देवळातल्या घंटेच्या गोष्टी तुम्ही लई ऐकल्या असतील, आज एका झाकणाची ऐका. मी कडुलिंबाच्या लाकडाचं, गोल, औशाच्या चंद्रप्पा तेलवाल्यांच्या घरातल्या पाण्याच्या रांजणावरचं झाकण. सुतारानं मला इतकं बेतशीर उतरवलं होतं की आत मुंगीसुद्धा शिरायची नाही. चंद्रप्पांची बायको गौरम्मा शेजारणींना मला मुद्दाम दाखवायची. तेव्हा मला फार गर्व वाटायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. रांजणच कोरडा, तर झाकायचं काय? मला भिंतीला टेकवून ठेवलं. गौरम्मा घागर घेऊन पहाटे जी जायची ती उन्हं डोक्यावर आली की परतायची, कधी अर्धी घागर घेऊन, कधी नुसताच गाळ घेऊन. घरात दोन मुली. थोरली बसम्मा, शाळेत जाणारी, डोक्यानं तल्लख. धाकटी पार्वतम्मा, म्हणजे पारू, पाच-सहा वर्षांची. पारूचं आईमागं दिवसभर एकच, "अव्वा, पाणी. अव्वा, पाणी." एकदा गौरम्मानं तिला असं बदडलं की पोरीच्या गालावर बांगडी उमटली. मग मायच रडत बसली.

बसम्माला ते बघवलं नाही. तिनं मला आडवं पाडलं, तेलात गेरू कालवला (पाणी कुठलं आणणार!) आणि माझ्या अंगावर एका देशाचं पंचांग काढलं. देशाचं नाव डुबुकपूर. तिथं महिने नाहीत, वार नाहीत, नुसते ऋतू. 'सांडण' ऋतूत पाणी सांडलं तरी कुणी रागवायचं नाही, उलट न सांडणाऱ्याला दंड. 'बेडकी' ऋतूत राजा असो की शिपाई, सगळ्यांनी 'डरांव' असंच उत्तर द्यायचं. 'भिजकी'त कोरड्या अंगानं जेवायला बसायचं नाही. डब्याचा पत्रा कापून तिनं काटा केला आणि मधोमध खिळ्यानं ठोकला. काटा फिरवला की ऋतू बदलायचा, आणि तो फक्त अक्कानं फिरवायचा असा तिथला कायदा. पारू डरांव डरांव करत अंगणभर उड्या मारायची आणि तेवढ्यापुरती तहान विसरायची.

एक जागा रिकामी राहिली होती. तिथं बसम्मानं 'मुका' ऋतू काढला.

"ह्या ऋतूत कुणी कुणाला काई मागायचं न्हाई," ती पारूला म्हणाली. "मागितलं की गावची विहीर रुसती, अन् उठून दुसऱ्या गावाला जाती."

"मंग आपली बी तशीच गेली का, अक्का?"

"हाव. कुणीतरी मागितलं असल."

पारूनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बहिणीला मार बसू नये एवढ्यासाठीच ही युक्ती होती. घागर दारात आली की बसम्मा पळत येऊन काटा 'सांडण'वर न्यायची आणि आधी पारूला पाजायची.

पण मोठी माणसं लई हुशार असतात हो! पारूनं भाकर मागितली की गौरम्मा म्हणायची, "बसे, कर गं मुका." जत्रेचा हट्ट धरला की चंद्रप्पा दुकानातून ओरडायचे, "बसे, कर गं मुका." बसम्मानं काटा फिरवला की पोरगी जागच्या जागी गप्प. शेजारीपाजारी कौतुक करायचे, "काय गुणाची पोर हाय, काईच मागत न्हाई."

पुढं बसम्माला शिकायला लातूरला मावशीकडं धाडलं. निघायच्या घाईत काटा 'मुका'वरच राहिला. पाऊस आला, रांजण भरला, आणि मला परत माझी जागा मिळाली. पंचांग वर, पाणी खाली. त्याच पाण्याच्या ओलीनं खिळा गंजला आणि काटा घट्ट बसला. पारू यायची, माझ्याकडं बघायची, आणि कुणी हातात तांब्या दिला तरच प्यायची. तिचा कान दुखत होता, तेही तिनं सांगितलं नाही. पू वाहायला लागला तेव्हा घराला कळलं, पण तोवर तो कान गेला होता. तरी लोक तिला गुणाचीच म्हणत राहिले. मला असा संताप यायचा! पण झाकणाला तोंड कुठं असतं?

त्या गुणावरच तिचं लग्न जमलं, रेणापूरला. "आमची पारू मागणारी न्हाई," असं चंद्रप्पांनी व्याह्यांना छातीठोक सांगितलं. व्याह्यांना तेवढंच पाहिजे होतं.

ब्याऐंशीच्या श्रावणात ती माहेरपणाला आली. बसम्माही आली होती. पारूच्या अंगावर मांस नव्हतं आणि हातावर उलथन्याच्या चटक्यांचे डाग होते.

"कुणी केलं गं हे?" बसम्मानं विचारलं.

पारू माझ्याकडं बघत राहिली. बसम्मानं वळून बघितलं, तर काटा अजून 'मुका'वरच.

"अगं पारे, खेळ व्हता गं तो!"

"म्हाईत हाय, अक्का. पण तोंडच उघडत न्हाई."

बसम्मा ओक्साबोक्शी रडली. मग तिनं खलातला बत्ता आणला आणि काट्यावर घाव घातले. मला मधोमध तडा गेला. जाऊ द्या, त्याचं मला काही नाही. उखडलेला काटा तिनं 'सांडण'वर टेकवला आणि म्हणाली, "आता माग. अप्पा आले की काय पायजे ते माग."

त्या दिवशी लातूर जिल्हा झाला म्हणून सगळीकडं आनंदीआनंद चालला होता. चंद्रप्पा गुलालानं माखून, पेढ्यांचा पुडा घेऊन घरात आले. बरोबर पारूचा दीर महादेवप्पा, तिला न्यायला आलेला. पारू बापासमोर उभी राहिली.

"अप्पा, मला रेणापूरला धाडू नका. हितंच ऱ्हाऊ द्या."

 महादेवप्पाचा पेढ्याचा हात तोंडापाशीच थांबला. पाहुण्यासमोर शोभा झाली म्हणून चंद्रप्पा उगाच मोठ्यानं हसले आणि बसम्माकडं वळले.

"बसे, कर गं मुका."

"काटाच न्हाई, अप्पा! मोडला म्या!" बसम्मानं माझ्यावरचा पत्रा उचलून दाखवला.

पण पारूचं तोंड मिटलं होतं. गौरम्मानं डोळे पुसत तिची ओटी भरली आणि म्हणाली, "शहाणी माझी बाय." पारू पिशवी उचलून दिराच्या मागं निघाली.

दसऱ्याच्या आधी निरोप आला. सासरच्या विहिरीतून पारूला काढलं होतं. घर माणसांनी भरलं. चंद्रप्पा येईल त्याला सांगत होते, "एका शब्दानं बोलली न्हाई हो आमाला. मागितलं असतं तर पोटच्या लेकीला न्हाई म्हणलो असतो का?"

"मागितलं व्हतं, अप्पा," बसम्मा म्हणाली. बायकांनी तिला धरून आत नेलं. दुःखानं काहीही बडबडती, असं त्या आपसात म्हणाल्या.

आता घरात नळ आहे, रांजण फुटला, आणि मी परसात सरपणावर पडून आहे. आज ना उद्या चुलीत जाईन. त्याआधी एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातलं एखादं लेकरू काहीच मागत नसेल, तर त्याला गुणाचं म्हणून मोकळे होऊ नका. त्याला जवळ बोलवा, आधी तांब्याभर पाणी द्या. आणि त्यानं ते सांडलं तर सांडू द्या.