रांजणावरचे चार रेघांचे अक्षर

मित्रांनो, मी चार रेघांचे एक म्हातारे अक्षर आहे. माझा अर्थ पाणी. चीनमध्ये कुणीतरी वाहत्या ओढ्याचे चित्र काढले: मध्ये धार, दोन्ही बाजूंना शिंतोडे. तेच मी. पुढे कोरियात गेलो. तिथे पाण्याला आधीपासून ‘मुल’ म्हणत. माझा उच्चार ‘सू’ ठरला. म्हणून तिथली मुले मला ‘मुल सू’ असे जोडूनच पाठ करतात. तहान लागली की मुल. पोहणे, नळ, बुधवार यांच्या जोडशब्दांत मात्र सू.

दुसऱ्या महायुद्धात मलायातल्या जपान्यांच्या एका कैदी छावणीत उकळलेल्या पाण्याच्या पिंपावर मला रंगवले होते. निजामाच्या पलटणीतला, अणदूरकडचा शांतलिंग तिथे कैदी होता. जपान्यांच्या चाकरीतल्या एका कोरियन पहारेकऱ्याने त्याला मला ओळखायला शिकवले. न उकळलेले पाणी प्यालेले कितीतरी जण घरी परतले नाहीत. शांतलिंग परतला.

त्याच्या गावात बारवेच्या पाण्याने नारू व्हायचा, म्हणजे दोऱ्यासारखा जंत अंगात वाढून कातडीतून बाहेर यायचा. नारूचे बीज पाण्यातल्या बारीक किड्यांत असते. फडके त्यांना अडवते. शांतलिंगची आई इरम्मा दोन उन्हाळे नारूने अंथरुणाला खिळली होती. आता पुन्हा झाला तर पाय कायमचा जाईल, ही त्याला धास्ती. त्याने रांजणाच्या तोंडाला दुहेरी फडके बांधले, पोटावर गेरूने मला काढले आणि हेच पाणी पी असे बजावून तो सोलापूरला गिरणीत कामाला गेला.

इरम्मा मला रोज विभूती लावू लागली. शेजारच्या चन्नम्माने तर याला नारळ चालतो का, असे विचारले. पुढे फडके फाटले, तेव्हा इरम्माने ते काढूनच टाकले.

“आता गाळायचं कशाला? अक्षर हाय की राखणीला.”

मला ओरडता येत नाही. मी फक्त दिसतो.

वर्षाने तिच्या घोट्यातून नारूचा पांढरा दोरा डोकावला. शांतलिंग आला. काडीवर तो रोज बोटभर गुंडाळत बसे. रागावला मात्र नाही.

“आई, ते निस्तं सांगतंय. गाळावं आपल्यालाच लागतंय.”

तिने माझ्याकडे बोट केले. “मग पूस त्याला. पाणी गाळून झालं की पुन्यांदा म्याच काढीन.”

तेव्हापासून ती बसल्या जागी पाणी गाळते, मग राखेच्या चार रेघा ओढते आणि रांजण रिकामा झाला की मला पुसते. तिचा पाय अजून सरळ पडत नाही.

मित्रांनो, मी फार थकलो आहे. पूजा सोसत नाही. रोज पुसले जाणे सोसते. मला कुठे पाहिलेत तर हात जोडू नका. आधी फडक्याला भोक पडले आहे का, ते बघा.