निंबोळी गावचे नियम

“कुणासंग बोलायलाव ओ साहेब एवढं? सांगू का वहिनीला?”

ग्यानोबानं वजनकाट्याच्या खोलीत डोकं घातलं आणि नेहमीचा टोला हाणला. सिद्धेश्वरनं मोबाइलवरची नजर वर केली नाही.

“गप रे. गंगम्मा भाकरी थापायलीय. तेवढी तव्यावर पडू दे.”

“घ्या!” ग्यानोबा म्हणाला आणि काठी टेकत फाटकाकडे गेला. कारखान्याचा वॉचमन तो. साहेबांचं डोकं फिरलंय की त्यांनी बाई ठेवलीय, याचा निकाल त्याला वर्षभरात लावता आला नव्हता.

सिद्धेश्वर महादेवप्पा हा किल्लारीजवळच्या साखर कारखान्यात बावीस वर्षं काट्यावर कारकून होता. गाळप चालू असलं की त्याला शिंकायलाही वेळ नसे. उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची, आणि नंबर मोडून पुढं घुसणाऱ्याशी भांडता भांडता त्याचा घसा बसायचा. पण एकदा धुराडं थंड झालं, की दिवसाला साखरेचे चार-दोन ट्रक, बाकी माश्या मारायच्या.

घरीही तेच. लेक पूनम डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला क्लासला, आणि तिच्या स्वयंपाकापाण्याला बायको सुकन्या तिच्यासोबत. निम्म्या जिल्ह्याच्या आया लातुरात एकेका खोलीत कुकर लावून बसल्या आहेत, त्यातलीच ती एक. रविवारी सिद्धेश्वर पिशवी भरून जायचा. खोलीत तीन माणसं मावत नसत. तासाभरानं पूनम पुस्तकातून डोकं काढून विचारायची, “पप्पा, पाचच्या गाडीनंच चाललाव ना?” तिचंही चुकत नव्हतं, सुकन्याचंही नाही. कुणाचंच चुकत नसलं की माणसानं रागवायचं कुणावर? तो पाचच्या गाडीनं परत यायचा, कुलूप काढायचा आणि सकाळचीच भाजी गरम करायचा.

अशा दिवसांत त्याला निंबोळी गाव सापडलं. उदगीरच्या पंचायत समितीत संगणक चालवणाऱ्या वीरेशनं तो खेळ टेलिग्रामवर मांडला होता. खेळ म्हणजे बंदुका नाहीत, चित्रं नाहीत, गुण नाहीत. नुसतं लिहायचं. निंबोळी नावाचं एक गाव मनानं उभं केलेलं, खेळणारी माणसं एकोणीस, आणि प्रत्येकानं त्या गावातलं एक माणूस व्हायचं. उमरीचा मारोती शाळामास्तर होता, पण निंबोळीत तो लोहार. इस्लापूरची अयोध्या खऱ्यात किराणा दुकान चालवायची, निंबोळीत ती सुईण. नांदेडला कॉलेजात शिकणारी अक्षरा शेळ्या राखणारी दहा वर्षांची राणी झाली होती. एकानं चार ओळी लिहायच्या, मग दुसऱ्यानं, अशी गावाची गोष्ट पुढं सरकायची.

सिद्धेश्वर गंगम्मा झाला. पन्नाशीची विधवा, वेशीजवळचं घर, कपाळभर विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि तोंडानं फटकळ. पण राणी शेळ्या घेऊन दारावरून गेली की तिला हाक मारून गरम भाकरी देणारच. गावात सगळ्यांत लाडकी तीच. पूनमला आठवड्यातून दोनदा ‘जेवलीस का?’ एवढंच विचारणारा हा माणूस गंगम्माच्या तोंडून तासन्‌तास बोलायचा.

सुरुवातीला त्या गावात नुसता गोंधळ होता. जो तो दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा. कुणी लिहायचं, ‘लोहार घाबरून पळाला’, की मारोती तणतणायचा, “म्या कवा पळालो?” मग सिद्धेश्वरनंच नियम लिहून काढले आणि वीरेशनं ते वर टाचून ठेवले. नंबर मोडायचा नाही. हा तर त्यानं थेट काट्यावरूनच आणला. स्वतःचं काही बोलायचं असेल तर कंसात बोलायचं, म्हणजे माणूस कुठला आणि पात्र कुठलं ते कळतं. ‘दुःख झालं’ असं लिहायचं नाही, तिनं काय केलं ते लिहायचं. एकदा लिहिलेलं पुसायचं नाही. गाव तेवढं जगलं, ते जगलं. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरात: आपलं माणूस आपण लिहायचं, दुसऱ्याच्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ते जगलं की मेलं, हसलं की रडलं, हे ज्याचं त्यानंच सांगायचं.

या शेवटच्या नियमावर तो इतका अडून बसायचा की पोरं त्याला ‘हेडमास्तर काका’ म्हणत. एवढं अडायचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं. त्यानं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

त्या गुरुवारी सकाळी साडेअकराला अक्षराचा नंबर होता. गेले पंधरा दिवस गाव मरगळलेलं होतं, कुणी लिहीनासं झालं होतं. पोरगी हुशार. गावाला जाग आणायची म्हणून तिनं मोठं काहीतरी घडवायचं ठरवलं.

तिनं लिहिलं होतं: ‘पहाटे राणीच्या शेळ्या एकदम उठून उभ्या राहिल्या. फळीवरची भांडी आपोआप वाजू लागली. मग जमिनीच्या पोटातून गाडी गेल्यासारखा आवाज आला. राणी अंगणात पळाली आणि मागं वळून बघते तर घर नव्हतं. गल्ली नव्हती. वेशीपर्यंत नुसते दगड आणि धूळ होती. निंबोळीत एकही भिंत उभी राहिली नव्हती.’ खाली कंसात होतं: (माणसं ज्याची त्यानं लिहा. मी कुणाला हात लावला नाही. पुढचा नंबर गंगम्मा.)

आधी सिद्धेश्वरच्या मनात आलं, चांगलं लिहिलंय पोरीनं. भांड्यांचं तर फारच. मग मोबाइल टेबलावर पालथा ठेवून तो बाहेर आला आणि काट्याच्या लोखंडी पाटावर मधोमध जाऊन उभा राहिला.

फाटकातून ग्यानोबा ओरडला, “साहेब, आत काट्यावर साठ किलो दिसायलेत! पावती फाडू का?”

सिद्धेश्वर हसला नाही. ग्यानोबानं जवळ येऊन त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढं केली.

गंगम्मा हे त्याच्या आईचं नाव होतं.

त्र्याण्णव साली तो तेरा वर्षांचा होता. लातूरचं गणपती विसर्जन बघायचंच, म्हणून हट्ट धरून मामाकडं गेला होता. अव्वा, म्हणजे आई, नको म्हणत होती. शेवटी तिनंच दशम्या बांधून दिल्या. विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे, भूकंपात किल्लारी पडली. तो मामाबरोबर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला तेव्हा गल्ली कुठली, घर कुठलं, काही ओळखू येत नव्हतं. धूर मात्र दिसत होता. मामानं त्याचं तोंड स्वतःच्या सदऱ्यात दाबून धरलं. “तिकडं बगू नको,” एवढंच म्हणाला.

लिंगायताचं माणूस जाळत नाहीत. त्याला आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून खड्ड्यात बसवतात आणि डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. पण त्या दिवशी जात कोण विचारणार? माणसं हजारांनी होती आणि वर पाऊस. लाकडं रचून दहा-वीस एकदम अग्नीला द्यावी लागली. कुणाचा दोष नव्हता. इथंही कुणाचा दोष नव्हताच.

आणि मग ज्यानं त्यानं त्याच्या आईला आपापल्या सांगण्यात हवं तसं हलवलं. शेजारीण म्हणाली, बाहेर आली होती, वासरू सोडायला परत आत गेली. चुलता म्हणाला, झोपेतच गेली, कळलंसुद्धा नाही. कुणी म्हणालं, तुझं नाव घेऊन हाका मारत होती. बत्तीस वर्षं झाली. त्याची आई कशी गेली, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त त्याला नव्हतं.

वीरेशचा फोन आला. आवाज पडलेला होता.

“काका, माझ्या ध्यानातच आलं न्हाई बगा. तुम्ही किल्लारीचे. मी उडवू का ते? अक्षराला सांगतो मी.”

“न्हाई. लिहिलेलं पुसायचं न्हाई.”

“अवो, नियम काय, आपणच केलते की!”

“म्हणूनच.”

“मग गंगम्मा वाचली असं लिवा. तुमच्याच हातात हाय काका. दुसरं कोण लिवणार?”

पाठोपाठ अक्षराचा निरोप आला. ‘काका, वीरेशदादानं आत्ता सांगितलं. मला खरंच माहीत नव्हतं. माझा जन्मच किती नंतरचा. मी लई रडून राहिले. तुम्ही गाव सोडून जाऊ नका, एवढंच.’

त्यानं निरोप वाचून मोबाइल खिशात टाकला. शुक्रवार गेला, शनिवार गेला. नंबर गंगम्माचा होता, म्हणून अठरा माणसं गप्प बसून होती. कुणी ‘काय झालं काका?’ म्हणूनसुद्धा विचारलं नाही. शनिवारी सुकन्याचा फोन आला. पूनमला चाचणीत चांगले गुण पडले होते.

“बोला की. गप का हाव?”

“काई न्हाई,” तो म्हणाला आणि परत विचारलं, “जेवलीस का?”

“दोनदा विचारलाव. बरं, उद्या येताना ज्वारीचं पीठ आणा.”

सांगावंसं वाटलं होतं, पण शेवटी त्यानं होकार देऊन फोन ठेवला. रविवारी पीठ पोचवलं आणि पाचच्या गाडीनं परत आला.

सोमवारी दुपारी काट्यावर कुणी नव्हतं. त्यानं मोबाइल काढला आणि लिहिलं, ‘गंगम्मा धुळीतून चालत बाहेर आली.’ वाक्य दोनदा वाचलं. असं खोटं कुणी लिहिलं असतं तर हेडमास्तर काकांनी त्याला सोडलं नसतं. त्यानं ते पाठवलं नाही. नव्यानं लिहिलं आणि लगेच पाठवून दिलं.

‘गंगम्मा उठली नाही. चुलीजवळ दशम्या बांधून उरलेलं फडकं तसंच होतं.’

आणि खाली, वर्षभरात पहिल्यांदा स्वतःबद्दल: (ही माझी अव्वा होती. तिला जाळलं. बसवायला पाहिजे होतं.)

तो मोबाइलकडं बघत बसला. त्याला वाटलं, संपलं. आपल्या हातानं आपण आपलं गाव मोडलं. एवढी एकच जागा होती जिथं कुणी त्याची वाट बघायचं.

मग मारोतीचं आलं. (काका, दारातले दगड आम्ही उचलू का?)

त्याच्या आईला हात लावायच्या आधी कुणीतरी विचारत होतं. सिद्धेश्वरच्या डोळ्यांपुढची अक्षरं फिरली. त्यानं डोळे पुसत लिहिलं, (हाव. उचला.)

लोहारानं पहार आणली. एकेक दगड उचलून बाजूला रचला, फेकला नाही. मग अयोध्येचं आलं. (मी न्हाऊ घालू का तिला? चालंल का तुम्हाला?) (हाव, बाई.) सुईणीनं पाणी कोमट केलं. केस विंचरले. वीरेश निंबोळीत कुंभार होता, पण खऱ्यात लिंगायत. त्यानं विचारून विभूती लावली, मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, बेलाची पानं वाहिली. दोन तास हे चालू होतं. कुणी नंबर मोडला नाही.

शेवटी अक्षरा. (काका, मी काय लिहू? मला कळत नाही.)

(तुझं माणूस हाय. तुझं तू लिही.)

‘राणी खड्ड्याच्या काठाशी आली,’ तिनं लिहिलं. ‘रोज मिळायची त्यातली अर्धी भाकरी तिनं ओच्यात ठेवली होती. ती काढून बघितली आणि परत बांधून ठेवली. मग मूठभर माती घातली.’

दुःख झालं, असं पोरीनं कुठंही लिहिलं नव्हतं.

मारोतीनं विचारलं, (काका, आता खड्डा बुजवायचा का?)

तेवढ्यात बाहेर साखरेचा ट्रक येऊन काट्यावर चढला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सिद्धेश्वर खाली मान घालून लिहीत होता.

(थांबा. गंगम्मा गेली, मला नवीन माणूस लागतंय.)

आणि कंसाबाहेर: ‘दुपारच्या एसटीतून एक तेरा वर्षांचा पोरगा वेशीत उतरला. लातूरहून आला होता. हातात गणपतीचा प्रसाद होता.’

पुढं काय लिहावं ते त्याला सुचेना. पण पुढचं त्याला लिहावं लागलं नाही. लोहारानं फावडं खाली ठेवलं. सुईण बाजूला सरली. कुंभारानं गर्दीतून वाट करून दिली. राणीनं आपली जागा सोडली. कुणी त्याचं तोंड दाबून धरलं नाही. एकेकानं आपल्या नंबरानं लिहिलं आणि थांबलं.

ट्रकचा हॉर्न पुन्हा वाजला. ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, “साहेब, वजन घ्या की. कवाधरनं उभा हाव.”

बावीस वर्षांत सिद्धेश्वरनं काट्यावर आलेली गाडी कधी थांबवली नव्हती.

“थांब जरा,” तो म्हणाला. “माझा नंबर हाय.”

ग्यानोबानं ड्रायव्हरचा दंड धरून त्याला फाटकाकडे नेलं. खोलीत सिद्धेश्वर एकटाच राहिला. त्यानं लिहिलं, ‘पोरानं खड्ड्यात वाकून बघितलं. मग मूठ भरून घेतली.’